सांगता येत नाही म्हटलं की

६ फेब्रुवारी, शुक्रवार

माझ्या ज्योतीचं ठरलेलं लग्न मोडलं. पहिलं हेच लिहायला पाहिजे म्हणून लिहिलं.

सकाळी ज्वारीच्या पापडांचा, बिबड्यांचा घाटा चुलीवर रटरटत होता, तेवढ्यात नाना भाऊजी आले. ह्यांचे चुलतभाऊ. धुळ्याची सोयरीक त्यांनीच जमवली. एरवी सरळ आत येऊन पोह्याची ऑर्डर देणारा माणूस, आज चप्पल न काढता दारात उभा. तिथंच समजले मी.

"वहिनी, धुळेवाले नाही म्हणताहेत."

"का? परवापर्यंत साड्या बघत होते ना?"

त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यात एका कॉम्प्युटरचा फोटो. इंग्रजी मला येत नाही, पण ज्योतीचं नाव ओळखते. वर आम्ही ज्योला दाखवतो त्याच दवाखान्याचं चित्र. एका ओळीभोवती बोटानं लाल गोल काढलेला. नाना म्हणाले, ती ओळ फिटच्या आजाराची. पोराच्या आईने गोल काढून पाठवलाय, खाली लिहिलंय, "आम्हाला फसवलं."

संध्याकाळी ज्योने सगळं वाचून दाखवलं. त्याच फोटोत शेवटी डॉक्टरांनी लिहिलंय, चार वर्षं फिट नाही, तब्येत चांगली, लग्नाला हरकत नाही. त्या ओळीला गोल नाही.

फोटोत कॉम्प्युटरच्या कडेला कुंकवाचं स्वस्तिक आहे, अन् झेंडूच्या माळेचा सुकलेला दोरा चिकटपट्टीने लावलेला. दसऱ्याला पूजा केली असणार, नंतर कोणी पुसलं नाही. म्हणजे कोणीतरी दवाखान्यात त्या यंत्रापुढे उभं राहून फोटो काढला. त्याचं नाव मला पाहिजे.

गल्लीतले वकील म्हणाले, "अक्का, राग आहे तोवर तारीख टाकून लिहून ठेवा. नंतर तुम्हीच म्हणाल जाऊ द्या."

मी जाऊ देणाऱ्यातली नाही. ज्योची जुनी वही घेतली. चौथीनंतर आज लिहिते आहे. अक्षर गेलं खड्ड्यात.

७ फेब्रुवारी, शनिवार

फसवलं म्हणतात! ज्योने त्या पोराला, हर्षलला, पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. मला आज कळलं. तो म्हणाला होता, मला चालतं, घरी मी सांगेन सावकाश. त्याचं सावकाश कधी आलंच नाही. आता फोन उचलत नाही.

मी म्हटलं, "दे तो नंबर मला."

ज्यो म्हणाली, "नाही."

ऑफिसला गेली. कापसाच्या जिनिंगवाल्यांकडे बिलं लिहिते ती. डबा तसाच परत आणला.

मामीचा फोन, चुलत सासूचा फोन, शेजारणीचा तर भिंतीपलीकडून आवाज. सगळ्यांना ऐकायचंय, विचारायचं कोणालाच नाही. मी म्हटलं, पोराचा पगार खोटा निघाला. सांगून टाकलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

दवाखान्यात गेले. ह्यांना सुट्टी नाही, चटईच्या कारखान्यात माल जायचा होता. बरंच झालं. हे सोबत असले की "जाऊ दे ना शोभा" चालू होतं.

पहिल्या मजल्यावर नर्सबायांच्या टेबलावर तो कॉम्प्युटर. तेच स्वस्तिक, तोच दोरा. मी बोटाने कुंकू खरवडून बघितलं. एक सिस्टर म्हणाली, "मावशी, हात नका लावू." मी म्हटलं, "आता आठवलं होय हे?"

मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बसवलं. पाणी दिलं. फोटो बघून त्यांच्या कपाळावर घाम. मग भिंतीकडे हात केला. भिंतीवर रंगीत कागद, रुग्णाची माहिती ही आमच्याकडची ठेव आहे, असं मोठ्या अक्षरात. त्याच्या खिळ्याला किल्ल्यांचा जुडगा टांगलेला.

"आमच्याकडे धोरण आहे, ताई. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. सगळ्यांच्या सह्या घेतल्यात."

"मग कोणी उघडलं ते दिसत असेल."

"दिसतं."

"नाव सांगा."

"ते सांगता येणार नाही. ती गोपनीय बाब आहे."

माझ्या पोरीचं धुळ्यापर्यंत गेलं अन् चोराचं नाव गोपनीय! मी टेबलावर हात आपटला. ग्लास सांडला, त्यांच्या कागदांवर. पुसू दिलं नाही मी, तशीच उभी राहिले.

११ फेब्रुवारी, बुधवार

ज्योच्या गोळ्या आणायचं निमित्त करून आज परत गेले. बाकड्यावर ठिय्या मारला. बघू तरी कोण कोण त्या यंत्राला हात लावतं.

सगळेच लावतात. सिस्टर, मेडिकलवाला, एक्स-रेचा माणूस, झाडणारीसुद्धा, तिला मुलाच्या शाळेचं काहीतरी बघायचं होतं.

अन् नाव कोणाचं? मोठ्या डॉक्टरांचं. ते यंत्र म्हणे थोडा वेळ हात लावला नाही की झोपतं. मग पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड. सिस्टरच्या हातात मोजे, काखेत सलाईनची बाटली, मोजे काढायचे, टाइप करायचं, परत नवे घालायचे. तोवर डॉक्टर आतून ओरडतात, "पेशंट गेल्यावर उघडणार का फाईल?" म्हणून सगळ्या सरांच्याच नावाने बसतात. सरांचं नाव झोपत नाही. तसं त्यांनी मुद्दाम करून घेतलंय.

एका नव्या पोरीने या टोकाहून विचारलं, "सरांचं काय गं?" त्या टोकाहून उत्तर आलं. सरांच्या मुलीचं नाव, पुढे एक-दोन-तीन. बाकड्यावरच्या सगळ्या पेशंटनी ऐकलं. मीपण.

म्हणजे यंत्रात उघडणाऱ्याचं नाव दिसतं ते मोठ्या डॉक्टरांचंच. म्हणून मॅनेजर सांगत नव्हता! गोपनीय कसलं, लाज वाटत होती मेल्याला.

बायांची धावपळ बघून दुसऱ्या वेळी कीव आली असती. आता नाही येत.

१४ फेब्रुवारी, शनिवार

चोर स्वतः दारात आला.

मंदा सिस्टर. असोद्याची. ज्योला पहिल्यांदा भरती केलं तेव्हा हीच होती रात्रपाळीला, ज्योची वेणी घालून द्यायची. दवाखान्यात मी फोटो दाखवून भांडले ते हिला कळलं. आली, ओट्यावरच बसली, आत ये म्हटलं तरी येईना.

"अक्का, मी दाखवली फाईल. पण फोटो मी नाही काढला."

हर्षलची आत्या असोद्यात दिलीय, हिच्या घराला लागून तिसरं घर. ती आत्या दवाखान्यात आली. म्हणाली, मंदे, ही पोरगी आमच्या घरात येतीय, तुमच्याकडे औषधाला येते असं कोणीतरी पाहिलं, काय आहे ते सांग.

मी म्हटलं, "मग सांगायचं ना, सांगता येत नाही. भिंतीवर लावलंय एवढं मोठं."

तर मंदा माझ्याकडे बघून म्हणते, "अक्का, तुम्ही सोयरिकी केल्यात ना? चौकशीला आलेल्या माणसाला 'सांगता येत नाही' म्हटलं की तो काय समजतो?"

मी हाताला लागलेलं पीठ झाडत राहिले.

"टीबी समजतो. नाहीतर पोट पाडलं समजतो. उठून जातो अन् दहा घरी सांगतो. मी तसं म्हटलं असतं तर तुमची सोयरीक त्याच दिवशी मेली असती. म्हणून मी म्हटलं, तोंडी कशाला, डॉक्टरांनी लिहिलेलंच बघा. लग्नाला हरकत नाही. त्या ओळीवर बोट ठेवलं मी. तेवढ्यात सहा नंबरची बेल वाजली, मी धावले. परत आले तर आत्या पर्स बंद करत होती. म्हणाली, चांगली आहे गं पोरगी."

रडत होती. नाक पदराने पुसत होती.

मी म्हटलं, "तुझ्या चांगुलपणाला आग लागो. माझी पोर तुझ्यामुळे घरात बसली."

"मला वाटलं भलं होईल."

"तुला कोणी सांगितलं होतं भलं करायला? ऊठ."

उठली. चपला उलट्या घातल्या तिने घाईत. मी सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बिबडे. दिवसभर बिबडे. गच्ची भरली. ज्यो जेवली नाही. हे म्हणाले, मंदाने मुद्दाम नाही केलं. मी म्हटलं, मुद्दाम करणाऱ्याला तरी शिव्या घालता येतात.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्यात तक्रार दिली. वकिलांनी लिहिली, मी सही केली. मंदाचं पूर्ण नाव घातलं, गावासकट.

मॅनेजरसाहेबांचा चेहरा असा खुलला की काय सांगावं. "नाव मिळालं ना, आता मिटलं." मंदाला त्याच वेळी बोलावून घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. तिने ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही.

येताना पावशेर जिलेबी घेतली. घरात कोणी खाल्ली नाही. मी खाल्ली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

ज्योची एक गोळी कमी आली होती, ती घ्यायला दवाखान्यात.

आता ज्याचा त्याचा पासवर्ड म्हणे. सक्त. सकाळी रांग जिन्यावरून खाली, जिन्यावरून रस्त्यावर. एक म्हातारी बाकड्यावर कण्हतेय अन् सिस्टर यंत्राशी भांडतेय. डॉक्टर बाहेर आले, टेबलावर फाईल आपटली, "बंद करा हे नाटक, माझ्या नावाने उघडा." दुपारी सगळं पहिल्यासारखं. फक्त मुलीच्या नावाऐवजी आता कुत्र्याचं नाव आहे. तेही ऐकलं मी.

भिंतीवर दुसरा कागद लागलाय, पहिल्यापेक्षा मोठा.

मंदा गेली अन् मंदाचं स्टूल गेलं. बाकी काही हललं नाही. ज्याचं नाव घेऊन सगळा दवाखाना चालतो त्याला कोणी घरी बसवलं नाही.

औषध देणारी सिस्टर माझ्या हातात पाकीट देताना म्हणाली, "अक्का, तुमच्या ज्योतीला वॉर्डात फिट आली होती तेव्हा तिला कुशीवर वळवून धरून कोण बसलं होतं, आठवतं का?"

आठवतं. तू गोळ्या मोज.

२२ फेब्रुवारी, रविवार

नाना भाऊजींचा फोन. हर्षलसाठी जामनेरची मुलगी बघितली. पसंत आहे. आखाजीनंतर, अक्षय्यतृतीया झाली की, बार उडवायचा म्हणे. इतक्या लवकर! आमच्या सुपारीचा वास नाही गेला अजून.

नाना म्हणाले, "वहिनी, देवाची मर्जी."

मी म्हटलं, "देवाला मध्ये घालू नका, तो मध्यस्थ नाही, तुम्ही होतात."

दिवसभर एकच डोक्यात. सुपारी फुटली त्या दिवशी पोराची आई मोठी पाण्याची बाटली घेऊन आली होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा घोडा, अन् ही दर थोड्या वेळाने, "हर्षल, पाणी पी." मी विचारलं तर म्हणाली, "डॉक्टरनं सांगितलंय, दर वर्षी दाखवून आणतो, सवयच आहे आमची." अन् पत्रिका, नारळ ज्या पिशवीत आणलं त्या पिशवीवर धुळ्यातल्या दवाखान्याचं नाव होतं. ती पिशवी माझ्याकडे आहे. पापडाचं पीठ ठेवते मी तिच्यात.

पोराचा बायोडेटापण आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळच्या बसने धुळे. ह्यांना सांगितलं माहेरी जाते. खोटं नाही, माहेर माझं तिकडचंच.

पारोळ्याला बस थांबली तेव्हा एकदा वाटलं उतरावं. बाजूच्या बाईने शेंगा दिल्या, खाल्ल्या, तेवढ्यात बस निघाली.

दवाखाना मोठा. काचेच्या खिडकीत एकटी पोरगी, दोन फोन, समोर झुंबड. ज्योच्याच वयाची. मी घरच्या बोलीत सुरू केलं, जळगावात जी बोलताना सून म्हणून कायम लाजले ती.

"बेटा, हर्षलना कागद लेवाले उनू. मी त्यानी मावशी शे."

कागद न्यायला आलेल्या मावशीची बोली ऐकून ती हसली. "मावशी, तुम्ही कोठल्या?" गाव सांगितलं. तिच्या आजीचं गाव शेजारचं निघालं. झालं! फोन बाजूला ठेवला तिने.

"नियम आहे मावशी, पेशंट स्वतः पाहिजे."

"तो कामावर शे. रजा देत नाहीत. त्याची माय आजारी. मी एवढ्या लांबून उनू."

"बरं, जन्मतारीख तरी सांगा. खात्री करावी लागते."

मी पिशवीतून बायोडेटा काढला. तारीख सांगितली. "जन्मवेळ सांगू? रास सांगू? नाड बी शे."

ती खळखळून हसली. मागचा माणूस ओरडला, "आवरा की!" तिने कागद छापला, शिक्का मारला, माझ्या हातात दिला. वर म्हणाली, "सांभाळून जा मावशी, उन्हाचं."

बाहेर रसवंतीवाल्या पोराकडून वाचून घेतलं. नाव दुमडून ठेवलं होतं मी. हर्षलला एकच किडनी आहे. जन्मापासून. दुसरी नाहीच. अन् खाली लिहिलंय, एका किडनीवर माणूस नीट जगतो, सगळं व्यवस्थित आहे, काळजी नको.

आमच्या कागदावर होतं तसंच. शब्द वेगळे.

चोराच्या उलट्या बोंबा! आमच्या पोरीच्या ओळीला लाल गोल काढणारी बाई आपल्या पोराचं झाकून बसली होती. बसमध्ये मी कागदाचा फोटो काढला. मग बोटाने लाल गोल कसा काढायचा ते शोधत बसले. पुढच्या सीटवरच्या मुलीने शिकवलं. एरंडोल येईपर्यंत जमला. पहिल्या ओळीलाच काढला, खालच्या नाही.

जातीच्या ग्रुपवर टाकायचा. शेकडो माणसं आहेत त्यात. जामनेरचे पण असतील.

लय दिवसांनी पोटभर जेवले.

२५ फेब्रुवारी, बुधवार

रात्री टाकला नाही कारण मोबाईलची बॅटरी गेली. सकाळी टाकणार तर ज्योने मोबाईल बघितला.

मला वाटलं खूश होईल.

तिने फोटो बघितला, मोठा करूनसुद्धा नाही बघितला. म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"किडनीचं. मी त्याला माझं सांगितलं, त्याने मला त्याचं सांगितलं. त्याच दिवशी."

एवढे दिवस ही पोर गप्प होती! ते आमचं गावभर वाजवत होते अन् हिच्या तोंडात त्यांचं सगळं होतं, अन् ही डबा तसाच परत आणत होती.

"अन् तू गप्प बसलीस? तुझी जीभ गेली होती का?"

"त्याने विश्वासानं सांगितलं होतं, आई."

"त्याने तुझं काय केलं विश्वासाचं?"

"त्याने नाही केलं. मी पण नाही करणार."

मी खूप बोलले. भांडं फेकलं. हे आत आले, परत बाहेर गेले. ज्योने एवढंच विचारलं, "कागद दिला कोणी तुला?"

मी सांगितलं. काचेतली पोरगी, तिची आजी, उन्हाचं सांभाळून जा.

"हा फोटो फिरला की ते शोधतील कोणी दिला. तीपण मंदाताईसारखी ओळखपत्र काढून ठेवेल."

"ठेवू दे."

"तिने तुझ्यावर माया केली म्हणून?"

असल्या प्रश्नांना उत्तर द्यायला मी काय वकील आहे?

शेवटी तिने माझ्याकडून फोटो खोडवला. कागद चुलीत. तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, किडनीचं कोणाजवळ बोलणार नाही. घेतली. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलायची नाही मी.

पण राग चुलीत नाही गेला.

३ मार्च, मंगळवार

होळी. गल्लीतली पोरं बोंबा मारत होती. मीपण मारली, धुळ्याकडे तोंड करून. बायका हसल्या. त्यांना वाटलं मजा.

ज्योने एक अर्ज लिहून आणलाय, मंदाविरुद्धची तक्रार मागे घेते म्हणून. "सही कर" म्हणाली. असोद्यात मंदा आता दुसऱ्यांच्या केळीच्या बागेत रोजाने जाते म्हणे. शिकलेली बाई, सुया टोचणारी.

अर्ज बिबड्यांच्या डब्याखाली ठेवलाय. सही नाही केली. फाडलापण नाही.

६ मार्च, शुक्रवार

नाना भाऊजींनी कळवलं, जामनेरचे लोक रविवारी येणार. आमच्याकडे! मुलीची आई अन् मामा. हर्षलची चौकशी करायला. आमची सोयरीक त्या घराशी मोडली ना, मग आतली गोष्ट आम्हालाच माहीत असणार. रीतच आहे.

नाना म्हणाले, "वहिनी, जपून बोला."

मी म्हटलं, "मी तर शपथ घेतलीय, काही बोलणार नाही."

दोन दिवस मी एवढी शांत आहे की हे घाबरलेत.

८ मार्च, रविवार

आले. अकराच्या सुमाराला. मुलीची आई साधी, हातात जुनी पर्स, सारखी पदर सावरत होती. मामा जाड, शेतकरी, थेट बोलणारा.

चहा मीच आत जाऊन आणून ठेवला. ज्यो आत, दाराआड. मला तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

मामा म्हणाला, "ताई, लपवाछपवी नको. तुमचं का मोडलं, ते तुमचं तुमच्याजवळ. आम्हाला फक्त पोराचं सांगा. मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे."

मुलीची आई म्हणाली, "आम्ही तुमच्यासारखेच, ताई. एकच पोर आहे."

माझ्याकडे सगळं होतं. किडनी होती. खालची ओळपण होती, काळजी नको. शपथ होती. मी पाणी प्याले. मग सावकाश म्हटलं,

"दुसऱ्याच्या घरच्या तब्येतीच्या गोष्टी. सांगता येत नाही."

मामाचा कपाकडे गेलेला हात थांबला.

"म्हणजे... काही आहे?"

"आहे असं मी म्हटलं का? सांगता येत नाही, एवढंच म्हटलं."

"तब्येतीचं म्हणालात तुम्ही."

"मी काही म्हणाले नाही, भाऊ. चहा घ्या."

घेतला नाही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ते बघणं मी ओळखते. माझ्याकडे लोक एवढे दिवस तसंच बघताहेत. मुलीच्या आईने पर्स छातीशी धरली, उठताना माझे हात हातात घेतले, म्हणाली, "ताई, उपकार झाले." अन् डोळ्यांत पाणी तिच्या.

गेले. रिक्षा वळली.

एक शब्द नाही बोलले मी. कागद नाही, फोटो नाही. त्या दवाखान्याच्या भिंतीवर लावलंय तसं, अगदी तसंच वागले. मला वाटलं होतं, छाती थंड होईल.

ज्यो बाहेर आली. चहाचे कप तसेच भरलेले बघितले.

"काय सांगितलंस?"

"काही नाही सांगितलं. तुझ्या शपथेवर."

ती बघत राहिली. अगदी मंदा बघत होती तशी, ओट्यावरून. मग म्हणाली, "हो. तेच सांगितलंस तू."

नाना भाऊजींनी जामनेरच्या मामाचा नंबर माझ्या मोबाईलवर पाठवला होता. तिने मोबाईल उचलला, गच्चीवर गेली. बिबडे वाळताहेत तिथे. दाराला पलीकडून कडी.

मी जिन्यात उभी राहिले. आवाज येतोय, शब्द कळत नाहीत. काळजी नको म्हणतेय का किडनीचं सांगतेय, का आपलंच सगळं सांगतेय, काय माहीत. मध्येच गप्प झाली. मग परत बोलायला लागली.

खाली येऊन लिहायला बसले. डब्याखालून अर्ज काढलाय, समोर आहे. पेन हातात आहे.

अजून बोलतेय ती.